मॅल्व्होलिओचा बडग्या

गेल्या महिन्यात आपल्या नागपुरातल्या एका कॉलेजच्या मुलामुलींनी शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाईट' मराठीत केलं. प्रयोग एकच झाला, तोही कॉलेजच्याच सभागृहात. म्हणजे ज्यांनी पाहिला त्यांनी सांगितलं तरच बाकीच्यांना कळणार. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली 'विद्यार्थ्यांनी हास्याची धमाल उडवून दिली' अशी एक ओळ आली आणि विषय संपला. धमाल होतीच, मीही पोट धरून हसले. पण या पोरांनी हसणाऱ्या प्रेक्षकाला मध्येच थांबवलं आणि विचारलं, की तुम्ही नेमकं कुणाला हसताय? हे धाडस व्यावसायिक रंगभूमीवरही रोज बघायला मिळत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. व्हायोला आणि सबॅस्टियन ही जुळी भावंडं. जहाज फुटतं, दोघांची ताटातूट होते, आणि भाऊ बुडाला असं समजून व्हायोला इलिरियाच्या किनाऱ्याला लागते. परमुलखात एकट्या मुलीने राहायचं कसं, म्हणून ती पुरुषाचा वेश घेते आणि सिझारिओ या नावाने ड्यूक ऑर्सिनोकडे नोकरी धरते. ऑर्सिनोचा जीव ऑलिव्हियावर. ऑलिव्हिया तिचा स्वतःचा भाऊ गेल्याच्या दुःखात, सात वर्षं कुणाला तोंड दाखवणार नाही म्हणून बसलेली. ऑर्सिनोचा निरोप घेऊन सिझारिओ तिच्याकडे जातो आणि ती निरोप्याच्याच प्रेमात पडते. इकडे व्हायोला ऑर्सिनोच्या प्रेमात. शिवाय ऑलिव्हियाच्या घरात तिचा दारुडा नातलग सर टोबी, त्याने तिच्याशी लग्नाचं आमिष दाखवून ठेवून घेतलेला श्रीमंत आणि बावळट सर अँड्र्यू, हुशार दासी मारिया, विदूषक फेस्टे, आणि या सगळ्यांना शिस्त लावू पाहणारा कारभारी मॅल्व्होलिओ. बाकी गोंधळाचा अंदाज येईलच.

नाटकाच्या नावाचा कथानकाशी काही संबंध नाही. नाताळानंतरची बारावी रात्र म्हणजे तिकडच्या सणाच्या दिवसांची अखेर. खाणं-पिणं, सोंगं, थोरामोठ्यांची टवाळी, सगळं त्या दिवसांत चालायचं. तेवढ्यापुरतं नोकराने धन्याला हसून घ्यायचं आणि मग पुन्हा ज्याने त्याने आपल्या जागी जायचं. हे नागपूरच्या प्रेक्षकापर्यंत कसं पोचवणार? दिग्दर्शक मुलीने जो मार्ग काढला त्यासाठी तिची पाठ थोपटायला हवी. तिने ऑलिव्हियाच्या घरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तयारी लावली. पडदा उघडल्यापासून रंगमंचाच्या उजव्या अंगाला बांबूच्या कामट्यांचा, अर्धवट कागद चिकटवलेला, पुरुषभर उंचीचा एक बडग्या उभा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा आहे ही. इतवारी-महालच्या गल्ल्यांतून या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक जाते, पाय ठेवायला जागा नसते, आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असा एकच गजर चाललेला असतो. मारबतींच्या सोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, एखाद्या पुढाऱ्याचा. गळ्यात पाटी, पाटीवर झणझणीत मजकूर. मिरवणूक संपली की दहन. माझं लहानपण महालात गेलं. वर्षभर ज्यांच्यापुढे मान खाली घालून उभं राहावं लागतं त्यांच्याविषयी त्या एका दिवशी रस्त्यावर मोठ्याने बोलता येतं, याचा मोकळेपणा काय असतो ते मी घरातल्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. तेव्हा टोबीच्या टोळक्याच्या हातात बडग्या देणं ही काही नुसती स्थानिक सजावट नव्हती. नाटकाच्या नावातली ती सणाची मुभा तिने आपल्या गावातून शोधून आणली.

आणि मग तो बडग्या कुणाचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मध्यरात्री टोबी, अँड्र्यू आणि फेस्टे दारू पिऊन गाणी म्हणत असतात. मॅल्व्होलिओ कंदील घेऊन येतो आणि त्यांना झापतो. मारिया त्यांना सामील, तिलाही धमकी मिळते. तो गेल्यावर मारिया त्या कामट्यांच्या सांगाड्याकडे बघत शांतपणे म्हणते, "यंदाचा बडग्या याचाच." सभागृहात टाळ्या. बरं, मॅल्व्होलिओचं चुकलं काय? घरात मालकिणीचं सुतक, आणि रात्री-बेरात्री हे आरडाओरडा करतात. घर सांभाळणं हे त्याचं काम. तो ते नको इतक्या तोऱ्यात करतो, बोलताना समोरच्याला क्षुद्र लेखतो, हे खरंच. पण दिग्दर्शिकेने त्या प्रसंगात एक बारकी गोष्ट केली. मॅल्व्होलिओ येतो तेव्हा त्याच्या अंगावर झोपेतून उठल्याची चुरगळलेली बंडी, कमरेला मात्र किल्ल्यांचा जुडगा. हा माणूस झोपतानाही किल्ल्या काढत नाही. मला माझ्या ओळखीतले दोन-तीन हेडक्लार्क तिथल्या तिथे आठवले.

भाषेविषयी आता बोलायलाच हवं, कारण या प्रयोगाची खरी करामत तिथे होती. सुरुवातीला मी जरा धास्तावले होते. ऑर्सिनो-ऑलिव्हिया छापील मराठीत बोलतात आणि टोबी-मारिया 'काऊन बे', 'कायले', 'जाऊन राहिला' करतात, हे ऐकून मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. आपली बोली विनोदाला आणि त्यांची भाषा प्रेमाला. वर्षानुवर्षं नाटकात, मालिकांत आणि सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की प्रेक्षक आधीच हसायला सज्ज होतो, याचा मला मनापासून राग आहे. याच शहरात राहून महेश एलकुंचवारांनी 1985 साली 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आणलं, त्यात धरणगावच्या देशपांड्यांच्या तोंडी वऱ्हाडी ठेवून अख्ख्या घराचं कोसळणं दाखवलं. एवढं होऊनही बोली म्हणजे हशा हे समीकरण काही सुटत नाही.

पण या पोरांनी ते सोडवलं. व्हायोला किनाऱ्याला लागते तेव्हा साधं आपलं नागपुरी बोलते. सिझारिओ झाली की तिची भाषा बदलते, प्रत्येक 'आहे' जागच्या जागी, 'ळ' आणि 'ण' घासूनपुसून. म्हणजे कपड्यांच्या आधी तिने भाषेचा वेश घेतला. इथली कितीतरी मुलं पुण्या-मुंबईला मुलाखतीला जाताना हेच करतात, त्यामुळे तो वेश कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आणि ऑलिव्हिया आपल्यावर भाळली हे लक्षात आल्यावर रंगमंचावर एकटी उरलेली व्हायोला टोपी काढते आणि हळूच म्हणते, "हे गाठ माह्याच्यानं नाही सुटत बाप्पा. आता काळानंच सोडवावं." मूळ नाटकातही हे वाक्य असंच आहे, काळाला उद्देशून, गाठ माझ्याच्याने सुटत नाही म्हणून. त्या क्षणी कुणी हसलं नाही. त्या मुलीने पुरुषी चालीचा बाष्कळपणाही कुठे केला नाही. छाती काढून चालणं, मिशीवर ताव देणं, असलं काही नाही. शेक्सपिअरच्या काळी बायकांची कामं मुलगेच करत, म्हणजे मुलगा मुलीचं काम करतोय आणि ती मुलगी मुलगा झालीय, असा तिहेरी खेळ होता. आपल्याकडेही खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यात पुरुष नाच्या होतो आणि गावातल्या बायाबापड्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. हा समजूतदारपणा या मुलीच्या कामात होता.

पत्राचा प्रसंग मात्र जरा सावकाश सांगते. मूळ नाटकात टोबी, अँड्र्यू आणि त्यांचा आणखी एक साथीदार बागेतल्या झुडपाआड लपतात. इथे ते तिघं बडग्याच्या मागे लपले. ऑलिव्हियाच्या हस्ताक्षराची नक्कल करून मारियाने लिहिलेलं प्रेमपत्र वाटेवर पडलेलं. मॅल्व्होलिओ येतो, पण पत्र त्याला लगेच दिसत नाही. आधी तो एकटाच स्वप्नं रंगवत असतो, की आपण या घराचे मालक झालो आहोत, मखमली अंगरखा घालून बसलो आहोत, टोबीला बोलावून घेतलंय आणि त्याला दारू सोडायला सांगतोय. काम करणाऱ्या मुलाने इथे आधी मागेपुढे पाहिलं. मग ऑलिव्हियाच्या खुर्चीची धूळ बाहीने पुसली. मग बसला, पण अर्ध्यावरच, पाठ न टेकता. कमरेचा जुडगा काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. आणि तेव्हा कुठे पाठ टेकली. अख्ख्या नाटकात त्या माणसाची पाठ पहिल्यांदा टेकली होती. आम्ही हसत होतो, आणि त्याच वेळी मला दिसत होतं, की या माणसाला बसायला कधी मिळालेलंच नाही.

पत्र हाती लागल्यावर तर बहारच. 'म, ओ, आ, ई' ही चार अक्षरं आपल्या नावात आहेत, पण क्रम जुळत नाही, म्हणून तो ती ओढूनताणून बसवतो. 'काही जण जन्मतः थोर असतात, काही थोरपण मिळवतात आणि काहींवर थोरपण येऊन पडतं', हे वाक्य तो तीनदा वाचतो, तिसऱ्यांदा डोळे मिटून. मागे तिघांच्या हसण्याने बडग्याचं कागदी डोकं गदागदा हलत होतं. पत्रात लिहिलेलं, की माझ्यासमोर येशील तेव्हा हसत ये. मुलगा हसण्याचा सराव करू लागला. ओठांना सवय नाही, एक कोपरा वर जातो, दुसरा जात नाही, मग तो बोटाने उचलून बघतो. इतकं बारीक काम व्यावसायिक नटाकडूनही क्वचितच होतं. मारियाचं पत्र त्याला फसवू शकतं, कारण त्याच्या मनात आधीच असलेलं ते लिहून त्याच्या हातात देतं. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट अचूक पकडली होती.

पुढे तो, पत्रातल्या सांगण्याप्रमाणे, पिवळे मोजे आणि त्यावर आडव्या-तिडव्या नाड्या बांधून ऑलिव्हियापुढे येतो तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी पोट्टं ओरडलं, "आली रे पिवळी मारबत!" सभागृह कोसळलं. नटाने ती आरोळी झेलली. जरा थबकला, मग आणखी जोरात हसला. ऑलिव्हिया घाबरून मागे सरकली.

1602 साली 2 फेब्रुवारीला लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेच्या दालनात हे नाटक झालं होतं. तिथे कायदा शिकणाऱ्या जॉन मॅनिंगहॅम नावाच्या तरुणाने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली, म्हणून आज ते आपल्याला कळतं. ते दालन अजून उभं आहे. या नाटकाविषयी प्रेक्षकाचं म्हणून जे काही जुन्यात जुनं टिकून आहे ते एका विद्यार्थ्याचं, ही गोष्ट मला फार आवडते. नोंदीत तो म्हणतो, की हे 'कॉमेडी ऑफ एरर्स'सारखं किंवा प्लॉटसच्या जुन्या लॅटिन नाटकासारखं आहे, आणि मग थेट कारभाऱ्याच्या फजितीवर येतो. खोटं पत्र, हसायला सांगणं, पोशाख, आणि मग त्याला वेडा ठरवणं. चांगली युक्ती, असं त्याचं मत. ऑलिव्हियाला तो विधवा समजला, बहुधा काळ्या कपड्यांमुळे. व्हायोलाचं नावसुद्धा घेत नाही. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पोराला घरी जाताना आठवत होता तो मॅल्व्होलिओच. पुढे राजा पहिला चार्ल्स याने आपल्याजवळच्या शेक्सपिअरच्या ग्रंथात या नाटकाच्या नावाशेजारी स्वतःच्या हाताने 'मॅल्व्होलिओ' असं लिहून ठेवलं. लोक याच्यासाठीच येत होते, हसायलाच येत होते.

आपल्याकडचे आजचे विद्यार्थी तेच नाटक घेऊन वेगळ्या ठिकाणी पोचले. ते अंधारकोठडीच्या प्रवेशात.

मॅल्व्होलिओला वेड लागलंय असं ठरवून त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडतात. पुष्कळ ठिकाणी हा भाग उरकून टाकतात, नाहीतर कापतात, कारण तोवर सगळ्यांना शेवटच्या उलगड्याची घाई झालेली असते. इथे टोबी आणि मारिया बडग्यावरचा कागद टराटरा फाडतात. उरतो तो कामट्यांचा सांगाडा. तो सांगाडा ते दोघं उचलून मॅल्व्होलिओवर उपडा घालतात. गळ्यात पाटी. दिवे मंद. फेस्टे धर्मगुरूचं सोंग घेऊन त्याला तपासायला येतो. फेस्टेचं काम करणारा मुलगा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडचा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत वाढलेला. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगावी रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत गाणं, हार्मोनियम, विनोद आणि रडू एका दमात येतं, आणि ते सगळं या मुलाच्या अंगात मुरलेलं होतं. तोवर संपूर्ण नाटकभर तो झाडीबोलीत बोलला होता. आता पंडिताचं सोंग घेतल्यावर त्याच्या तोंडी एकदम घोटीव, संस्कृतप्रचुर मराठी आली. आणि कामट्यांच्या आत मॅल्व्होलिओची छापील मराठी गळून पडली.

"इथं लय अंधार हाये बाप्पा. मी येडा नाही. मले कागद द्या, दौत द्या, एक दिवा द्या."

जी भाषा लावून त्याने आयुष्यभर इतरांना कमी लेखलं ती आता त्याच्याचवर रोखली गेली होती, आणि त्याच्याकडे उरली ती त्याच्या आईची भाषा. पंडित विचारतो, पायथागोरसचं मत काय? मॅल्व्होलिओ नीट उत्तर देतो, की माणसाचा आत्मा मेल्यावर पाखरात जाऊन राहू शकतो असं त्याचं म्हणणं. मग तुझं मत काय? "आत्मा लय मोठा असते. त्याचं म्हणणं मले पटत नाही." हे शहाण्या माणसाचं उत्तर आहे, मूळ नाटकातही असंच आहे. पंडित म्हणतो, मग बस अंधारातच.

मागच्या रांगेतली पोरं याआधी प्रत्येक वाक्याला हसत होती. या उत्तरालाही दोघं-तिघं हसली, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. बडगे आपण जाळतो कारण त्यांच्या आत कुणी नसतं. बांबू, कागद आणि आपला राग, एवढंच. जिवंत माणूस आत असल्यावरही आपण तितक्याच मोकळेपणाने हसत होतो, हे कुणी समजावून सांगितलं नाही, त्या कामट्यांनी दाखवलं.

आता जे जमलं नाही त्याबद्दल. पहिली वीसेक मिनिटं शब्द कळत नव्हते. गळ्यापाशी लावलेले माइक खरखरत होते. पण दोष एकट्या माइकचा नव्हता. मुलं वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देत होती, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे काय झालं तेच कळेना. ऑर्सिनोने सगळं काम एका पोझमध्ये केलं. तो प्रेमात पडण्याच्याच प्रेमात आहे हे खरं, पण मग व्हायोलाला त्याच्यात दिसलं काय, याचं थोडं तरी उत्तर नटाने द्यायला हवं.

जास्त खटकला तो दारूचा प्रवेश. तिथे मुलांनी मूळ संवाद बाजूला ठेवून हिवाळी अधिवेशन, खड्डे, मेट्रो, तर्री पोहे असं सगळं आणून टाकलं. हशे मिळाले, भरपूर मिळाले. पण प्रत्येक हशानंतर नाटक जागच्या जागी उभं राहायचं आणि पुन्हा ढकलून सुरू करावं लागायचं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी आपल्या मुलांना ही सवय लावली आहे, की दर अर्ध्या मिनिटाला हशा आला नाही तर आपण कमी पडलो. शेक्सपिअरचा विनोद त्या पद्धतीचा नाही. तो माणसाला काय हवंय यातून येतो. पत्राच्या प्रसंगात यांनी एकही बाहेरचा विनोद घातला नव्हता आणि तिथला हशा सगळ्यात मोठा होता, ही गोष्ट त्यांनीच पाहिलेली आहे.

याच सवयीने अँड्र्यूचा घात झाला. तिरळे डोळे, बोबडं बोलणं, पडणं-धडपडणं. तो नट कष्टाळू होता, पण त्याने माणूसच ठेवला नाही. या अँड्र्यूला शेक्सपिअरने एक वाक्य दिलंय. टोबी मारियाविषयी म्हणतो, की तिचा माझ्यावर फार जीव आहे. त्यावर अँड्र्यू म्हणतो, माझ्यावरही एकदा कुणाचा तरी जीव होता. एवढंच. कोण, कधी, पुढे काय झालं, काही नाही. हे वाक्य बोबडेपणात वाहून गेलं. मॅल्व्होलिओबद्दल जो न्याय या मुलांनी केला तोच अँड्र्यूबद्दल का केला नाही, हा माझा त्यांना प्रश्न आहे.

आणि अँटोनिओ. सबॅस्टियनला समुद्रातून वाचवणारा, स्वतःच्या जिवाला धोका असताना त्याच्यामागे या गावात येणारा, स्वतःची पैशांची थैली त्याच्या हाती देणारा मित्र. तो पुढे व्हायोलालाच सबॅस्टियन समजून तिच्यासाठी मारामारीत पडतो, पकडला जातो, थैली मागतो आणि ती म्हणते, मी तुम्हाला ओळखत नाही. वेळ वाचवायला मुलांनी हे सगळं दोन वाक्यांत उरकलं. फार मोठं नुकसान झालं. तर्री पोह्यांचे विनोद काढले असते तर अँटोनिओ आरामात मावला असता.

भावंडांची भेट मात्र मनासारखी झाली. जुळी म्हणून घेतलेली मुलगी आणि मुलगा एकमेकांसारखे अजिबात दिसत नव्हते. तसाच निळा अंगरखा, तशीच टोपी, एवढ्यावर भागवलं, आणि प्रेक्षकाने ते पहिल्याच क्षणी मान्य केलं. समोरासमोर आल्यावर दोघांनी धावत जाऊन मिठी मारली नाही. मूळ नाटकात तशी घाई नाहीच. ती दोघं एकमेकांची परीक्षा घेत राहतात. माझ्या वडिलांच्या कपाळावर तीळ होता. माझ्याही. व्हायोला तेरा वर्षांची झाली त्या दिवशी ते गेले. मला तो दिवस आठवतो. प्रत्येक वाक्याला एक पाऊल. खात्री दोघांना केव्हाच पटलेली असते, पण इतक्या मोठ्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवायचा धीर होत नाही. व्हायोला इथे आपोआप नागपुरीवर आली, आणि सबॅस्टियननेही तिला त्याच भाषेत उत्तर दिलं. त्यावरूनच ओळख पटली म्हणा ना.

शेक्सपिअरला स्वतःला जुळी मुलं होती, हॅम्नेट आणि ज्युडिथ, मुलगा आणि मुलगी. त्यांचं बारसं 1585 च्या 2 फेब्रुवारीचं. हॅम्नेट 1596 च्या ऑगस्टमध्ये गेला, अकरा वर्षांचा होऊन. त्यानंतर पाचेक वर्षांनी बापाने असं नाटक लिहिलं ज्यात बुडालेला भाऊ बहिणीला परत मिळतो. त्याने दुःखातूनच हे लिहिलं असा पुरावा कुणाकडे नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण हे माहीत असलेल्या माणसाला ती भेट कोरड्या डोळ्यांनी बघवत नाही.

सगळ्यांची लग्नं ठरतात आणि मॅल्व्होलिओला बाहेर काढतात. खरं काय ते उघड होतं, ऑलिव्हियाही मान्य करते, की याच्यावर फार अन्याय झाला. मॅल्व्होलिओचं शेवटचं वाक्य सूड घेण्याचं आहे. बहुतेक नट ते ओरडून म्हणतात. या मुलाने कमरेचा जुडगा सोडला, ऑलिव्हियाच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "तुमा सर्वायले पाहून घेईन मी." आवाज जेमतेम चौथ्या रांगेपर्यंत पोचला असेल. मग तो प्रेक्षकांमधल्या वाटेने, पिवळ्या मोज्यांनिशी, सभागृहाच्या दाराबाहेर निघून गेला. रंगमंचावर सगळे लग्नाच्या कपड्यांत उभे.

प्रयोग संपल्यावर बाहेर एक जुने नाट्यरसिक भेटले. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेचा एकही प्रयोग न चुकवणारे. ते नाराज होते. "विनोदी नाटक होतं ना ताई? मग शेवटी तोंड कडू करून काऊन पाठवलं?" त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. माणूस दिवसभराचं ओझं उतरवायला येतो, त्याला हसू द्यावं, हे खरं आहे. पण मुलांनी काही बाहेरून आणून कडू केलेलं नाही. कोठडी शेक्सपिअरची, सुडाचं वाक्य शेक्सपिअरचं, आणि सगळे निघून गेल्यावर फेस्टेने एकट्याने म्हटलेलं 'पाऊस रोजच पडतो' हे गाणंही त्याचंच. वडशाच्या त्या मुलाने ते हार्मोनियमवर, "पानी पडते रोज बाप्पा, पानी पडते रोज" असं म्हटलं. त्या काकांना मी एवढंच म्हणाले, की तुम्ही ज्या प्रसंगांना सगळ्यात जास्त हसलात तेच प्रसंग नीट झाले म्हणून शेवट कडू लागला. मॅल्व्होलिओ आधी खोटा वाटला असता तर तो दाराबाहेर जाताना तुम्ही मोबाइल काढून वेळ पाहिली असती. ते काही बोलले नाहीत, पण गाडीपर्यंत माझ्यासोबत चालत आले आणि त्या मुलाचं नाव काय, कुठल्या वर्षाला आहे, असं विचारत राहिले.

मुलं दुसरा प्रयोग करणार असं कानावर आलंय. कॉलेजच्या आवाराबाहेर पडून करावा, सीताबर्डीत, धरमपेठेत, जमल्यास वडशालाही. झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर बसतो, त्याला अडीच तासांचं नाटक म्हणजे काहीच नाही. माइक काढून टाका आणि वाक्याचा शेवट मोठ्याने म्हणा. अधिवेशनाचे विनोद गाळा, अँटोनिओला त्याची थैली परत द्या. आणि अँड्र्यूच्या नटाने ते वाक्य आधीचा हशा पूर्ण ओसरेपर्यंत थांबावं, बोबडेपणा सोडून, साध्या आवाजात, टोबीकडे न बघता म्हणावं, "माह्यावर बी एकदा कोणाचा जीव होता." हसतील ते हसू देत. मी त्या प्रयोगालाही येणार आहे.